कानातला कापूस

त्या पाटलाचं नाव मी घेत नाई. पैले धाकानं घेत नवती, मंग रागानं. धाक गेला, राग आहे. आमच्या गावात पाटील म्हनवनारे चार घरं होते, पन नुसतं "पाटील" म्हटलं की तोच समजाचा. लोक त्याले भला मानूस म्हनत. जुने लोक अजूनही म्हनतात. म्हनोत बापडे. त्यायच्या घरचं काई गेलं नाई.

तो बैलायले "तुमी" म्हने अन् मानसायले "तू". मी लगीन होऊन आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी नवऱ्यानं मले त्याच्या पाया पडाले नेलं. नवरा त्याच्याकडं सालानं राहे, म्हनजे सालभर चाकरी अन् त्याच्या बदल्यात धान. पाटील गोठ्यात बसला होता.

"पाय ढिला सोडा जरा," तो कोनाले तरी म्हनत होता. "दुखते का तुमाले? झालं, झालं, निघालाच काटा."

मले वाटलं अंधारात कोनी म्हातारं मानूस बसलं आहे. पाह्यलं तं मांडीवर गोऱ्ह्याचं खूर. मी वाकली, तवा त्यानं मान वर केली.

"ए, कोन तू? शेन काढता येते का?"

"येते."

"मंग उभी काऊन आहेस?"

आंगावर लगनाचं लुगडं होतं. त्याचाच पदर खोचून मी शेन काढलं. नवऱ्यानं टोपलं धरलं अन् हासला. "पाटील असाच आहे," म्हने. जसं काई ऊन असंच आहे, पाऊस असाच आहे.

मारुतीच्या पारावर तो चपला घालून बसे, गोठ्यात मात्र अनवानी जाये. आधी बैल जेवत, मंग तो, मंग पाटलीन, मंग आमी. बैल पळून आला, वावरातून आला, बाजारातून आला, की पाटील त्याच्या छातीले कान लावून उभा राहे. डोळे मिटून. घरात पाटलीन हाका मारून मारून थके, ते त्याले आयकू नाई ये. बैलाच्या छातीतली धडधड बरोबर आयकू ये. "आज तुमी भेले होते," बैलाले म्हने. "कुत्रं आडवं आलं का?" अन् खरंच कुत्रं आडवं आलेलं राहे.

त्याचं एक बोलनं साऱ्या गावाले पाठ होतं. "मी आयकलं नाई तं झालं नाई." बाजारात कोनाचं भांडन झालं अन् ते सांगाले कोनी आलं, तं तो कानावर हात ठेवे. "मी आयकलं नाई तं झालं नाई. जा घरी." मालगुजारी, म्हनजे गावचा सारा वसूल कराचा त्याचा हक्क, गेला तवा पटवारी कागद वाचाले त्याच्या अंगनात आला. पाटील गोठ्यात गेला अन् बैलाची घुंगरमाळ दोनी हातानं हालवत बसला. पटवारी वाचे, हा हालवे. वाचून झालं तं बाहेर येऊन म्हने, "वाचलं ना? म्या आयकलं नाई. चहा पेऊन जा."

सारा गाव हासला. मी पन हासली, हे खोटं कायले सांगू. मालगुजारी तं गेलीच. सरकार काई घुंगरानं थांबत नाई. पन आमी सरकार नवतो. आमाले थांबवता येत होतं.

त्याले एकच नाद, पटाचा. धान कापून चुरून झालं की बांध्या, म्हनजे धानाचे वावरं, मोकळ्या होतात. मंग कोन्या गावचे लोक चार बांध्यायच्या मंधातले मातीचे धुरे फोडून लांब, सपाट वाट करतात अन् त्यावर बैलजोड्या पळवतात. दोन जोड्या बाजूबाजूनं सुटतात, जे आधी पोचली ते जिंकली. मांगं छकडी राहते. छकडी म्हनजे दोन चाकं अन् बसाले वीतभर फळी. त्या फळीवर उकिडवा बसून जो जोडी हाकते तो धुरकरी. जोडी कितीही चांगली असो, धुरकऱ्याचा हात चुकला तं बैल वाट सोडून लोकात शिरतात. शंकराच्या नावाचा पट, म्हनून त्याचं सोवळंही लय.

पाटलाची जोडी चांद्या अन् पाखऱ्या. लहानपनापासून त्यायले माह्या नवऱ्यानं वाढवलं अन् माह्या हातच्या पेजेनं. तांदळाची पेज, त्यात उडदाची चुनी, त्यात जवसाची ढेप. आमच्या घरी पेज पातळ राहे. बैलायची घट्ट राहे. मी दोनीकडली घोटत होती, मले मालूम आहे.

त्या साली पाटलाचा जुना धुरकरी गुडघ्यानं बसला. पट संक्रातीनंतर, आमगावच्या पलीकडच्या एका गावी. दीड महिना हातात, अन् नवा धुरकरी ठरवाचा होता. दोघंच होते. एक माहा नवरा. दुसरा पाटलाचा भाचा, गोंदियाचा, पँट घालनारा, डोक्याले वासाचं तेल लावनारा. बोले अर्धं हिंदीत.

पाटलानं चार लोकात सांगतलं, "जो धुरकरी होईन त्याले बोडीखालची बांधी. जितं असेपर्यंत कसाची."

बोडी म्हनजे आमच्याकडचं लहान तळं. बोडीखालच्या बांधीले पावसानं दगा देला तरी पानी राहते. तसल्या बांधीचा मालक पेज पेत नाई, भात खाते. भाच्याले त्या बांधीची काई गरज नवती, त्याले पटावर नाव पायजे होतं. माह्या नवऱ्याले त्या बांधीशिवाय दुसरं काई दिसत नवतं. रोज सकाळी हातपाय धुवाले तो मुद्दाम बोडीवर जाये.

मंग पाटलाच्या परीक्षा सुरू झाल्या. दोघायलेही आठ दिवस गोठ्यात झोपवलं. गव्हानीतली चुनी खाऊन दाखवा म्हने, बैलाले काय देता ते आधी सोता खा. माह्या नवऱ्यानं मूठभर खाल्ली. भाच्यानं तोंडात धरली अन् मांगं जाऊन थुकली. पाटलानं बैलाले इचारलं, "पाह्यलं का तुमी?"

रोज दिवस निघाला की रिकाम्या बांधीत छकडी सुटे. एकदा हा हाके, एकदा तो. पाटील वाटेच्या शेवटी डोळे मिटून उभा. कोन लवकर आला ते तो पाहतच नवता. छकडी थांबली की बैलाच्या छातीले कान. भाचा जोरात आने. शेपूट चावे, तुतारी, म्हनजे टोकाले खिळा ठोकलेली काठी, खुपसे. माहा नवरा तोंडानं हाके, "ह्यो, ह्यो, चाल माय," एवढंच. दोनदा भाचा लवकर आला. पाटील कान लावून म्हने, "हा बैल पळाला नाई. हा जीव घेऊन पळाला."

"मामाजी, जीतना है ना?" भाचा म्हने.

"उद्या पाहू."

साऱ्याले दिसत होतं धुरकरी कोन ते. अडत होतं ते माह्यावर. मले नववा लागला होता.

आमच्यात लेकरू झालं की दहा दिवस बापालेही इटाळ. तो देवाले शिवत नाई, अन् शंकराच्या पटात कासरा धरत नाई. पटाच्या आधीच्या दहा दिवसात मी बाळंत झाली तं जोडी भाच्याच्या हातात. म्हनून सारा गाव माह्या पोटाकडं पाहून राहिला. याच्या आधी माहं एक सात महिन्याचं पडलं होतं. तवा कोनी पाह्याले आलं नाई. आता इहिरीवर बाया रोज पाहत.

"काऊन वो, पोट खाली आलं वाट्टे?"

"माह्या घरच्यानं तुह्या नवऱ्यावर नारळाची शर्त लावली आहे. पट होईपर्यंत धरून ठेव बाई."

धरून ठेव म्हने. जशी मी घागर घेऊन उभी होती.

एक दिवस भाचा पपई घेऊन आला, चांगली पिवळी धम्मक. "लो भाभी, खाओ. मीठा है." पपई खाल्ली की लवकर होते, हे पोरीसोरीलेही मालूम. मी ते पपई त्याच्यासमोर पाखऱ्याले चारली. पाटलिनीकडून मले थंड खाचा हुकूम, ओझं उचलाचं नाई असा हुकूम. लगनाच्या दुसऱ्या दिवशी ज्यानं शेन काढाले लावलं, तो म्हने, "तिले वाकू देऊ नका." माह्यासाठी नाई. कासऱ्यासाठी. दाईले बोलावून त्यानं माह्यासमोर इचारलं, "कवा होईन?"

"पाटील, ते का मोहफूल आहे, पहाटे पडते म्हनून सांगू?" दाई म्हने.

लोक हासले. तो नाई हासला. माह्याकडं पाहत राहिला, गाभन गाईकडं पाहतात तसा. छातीले कान लावाचं तेवढं राह्यलं.

पट पंधरा दिवसावर आला तवा त्यानं निवाडा केला. चार लोक बांधीत बोलावले, दोघायची एकेक फेरी घेतली, बैलायले कान लावला, अन् कासरे माह्या नवऱ्याच्या हातात देले. भाचा तुतारी फेकून घरात गेला. मी ढेपेचं टोपलं घेऊन धुऱ्यावर उभी होती. मले बरं वाटलं. घडीभर लय बरं वाटलं.

मंग पाटील म्हने, "हिले माहेरी धाडाचं. उद्याच."

पहिलटकरीन माहेरी जातेच, त्यात काई नवं नाई. माह्या माहेरी चिचगडकडच्या जंगलात जावं लागे, दीड दिवसाची वाट. नवं होतं ते पुढचं. लेकरू दूर गावी झालं, तं बापाले इटाळ लागते कानावर आल्यापासून. दहा दिवस उलटून गेल्यावर कानावर आलं, तं नुसती आंघोळ. हा रिवाज पाटलानं काढला नवता, जुनाच आहे. त्यानं त्याले कुलूप लावलं एवढंच.

"तिकडून काई आलं तं आयकाचं नाई," तो नवऱ्याले म्हने. "मी आयकलं नाई तं झालं नाई. तू आयकलं नाई तं झालं नाई."

पाटलिनीच्या देवाच्या वातीचा कापूस मागवला. त्याचे चार बोळे केले. दोन सोताच्या कानात घातले, दोन माह्या नवऱ्यापुढं धरले. लोक हासून राहिले. पाटलाचा आनखी एक येडेपना, दुसरं काय.

नवऱ्यानं बोळे घेतले. घ्याच्या आधी माह्याकडं पाहीन असं मले वाटलं. तो बोडीकडं पाहत होता.

दुसऱ्या दिवशी बंडी आली. मी नवऱ्याले म्हटलं, "येसान ना?"

त्यानं एका कानातला बोळा काढला. "काय?"

"येसान ना म्हटलं."

"पट झाला की येतो," म्हने, अन् बोळा पुन्हा घातला.

माहेरी पोचली अन् तिसऱ्याच दिवशी झाली. पोट्टी. दोन पसाभर नाई. रडे मांजरीसारखी. पैले दोन दिवस पेली, मंग तोंड धरेना. मले ताप. माही माय कापसाच्या बोळ्यानं तिच्या तोंडात दूध पिळे. घरोघरी कापूसच होता पाहा.

तिसऱ्या दिवशी मी बाबाले म्हटलं, "बाबा, त्यायले घेऊन ये. आमगावचा डाक्तर आनता आला तं पाह्य. नाई तं नुसतं तोंड पाहून जा म्हना."

बाबा निघाला. अनवानी, खांद्यावर घोंगडं. जंगलातून, देवरीवरून, दीड दिवस. पट तवा पाच दिवसावर होता. गावच्या शिवेवर मोहाचं झाड आहे, त्याखाली पाटील सोताच बसून. चिचगडच्या वाटेनं कोनी येते का ते पाहत. बाबाले पाह्यल्याबरोबर उठला अन् दोनी हात जोडले. हे मले बाबानं वापस आल्यावर सांगतलं.

"मामा, तू बोलू नको," पाटील म्हने.

बाबा म्हने, "पाटील, पोरगी..."

तं पाटलानं दोनी हातानं कान झाकले अन् मोठ्यानं भजन सुरू केलं. बाबा थांबला की हा थांबे. बाबानं तोंड उघडलं की हा भजन म्हने. वाटेनं जानारे उभे राहून पाहत. बाबा साठ वर्साचा मानूस, दीड दिवस चालून आलेला, अन् त्याच्यापुढं गावचा पाटील नाचून राहिला. मंग पाटलानं झाडाखालीच त्याले जेवाले बसवलं, सोता वाढलं. पोळी, तूप, गूळ. "पाच दिवस, मामा. मंग मी सोता येतो. शंकराचं काम आहे."

"जावयाले पाहू तं द्या," बाबा म्हने.

त्यानं पुन्हा भजन सुरू केलं.

बाबा दिवस कलेपर्यंत तिथं बसला. मंग वापस फिरला. बाबानं मले एवढंच सांगतलं, अन् मी एवढंच धरून चालली.

मी दाराकडं तोंड करून पडली राहो. मले दोन मानसं येताना दिसाचे होते. एकच आला. त्याच्या घोंगड्याच्या गाठीत गूळ बांधलेला होता, पाटलानं देलेला. मायनं तो चुलीत टाकला.

पाचव्या दिवशी मी एकटीनंच तिले नाव ठेवलं होतं. ते पन मी कोनाले सांगत नाई.

नवव्या दिवशी सकाळी तिले ऊब लागावी म्हनून अंगनात कोवळ्या उन्हात ठेवलं. मी बाजूले बसली होती, माशा हाकलत. हात हालवून हालवून मले समजलं की पोट्टी आता माशीनं पन हालत नाई.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पट झाला. चांद्या-पाखऱ्यानं मारला. साऱ्याच्या पुढं, एकदाही वाट न सोडता. लोकायनं माह्या नवऱ्याले खांद्यावर घेतलं म्हनतात. पाटील आनखी तीन दिवस घरीच थांबला. इटाळ पुरा सरावा म्हनून.

मंग ते आले. बंडीले तेच बैल जुपून, शिंगाले गोंडे लावून. नवऱ्याच्या पागोट्यावर गुलाल, पाटलाच्या हातात बक्षिसातली पितळी घागर अन् माह्यासाठी हिरवं लुगडं. अंगनात उतरल्यावर पाटलानं आपल्या कानातले बोळे काढले, नवऱ्याले काढाले लावले, अन् मोठ्या हौसेनं बाबाले म्हने, "आता सांग, मामा. आता आयकतो."

बाबा म्हने, "पोरगी झाली. नवव्या दिवशी गेली."

 पाटलाचे ओठ हालत होते. मले वाटलं रडते का काय. तो दिवस मोजत होता. मोजून झाल्यावर खाली मान घालून नाल्यावर गेला अन् कपड्यासकट आंघोळ केली. मंग वापस येऊन बैल सोडले, त्यायले पन नेलं, अन् ओंजळीनं पानी घालत बसला. "तुमाले पन लागते," त्यायले म्हने. "तुमी पन घरचेच."

मी ओसरीवरून पाहत होती. जो बैलायले सुतक धरते, त्याले मानसाचं तोंड पाहून दोन शब्द बोलता येत नाई. त्या दिवसापासून मी त्याले पाटील म्हटलं तं तोंडानंच म्हटलं.

नवरा अंगनातच उभा. कानातले बोळे हातात. कुठं टाकावं ते त्याले समजत नवतं. शेवटी कमरेले खोचले.

मी म्हटलं, "बाबा शिवेवर आला होता."

"मले आयकू नाई आलं," तो म्हने.

ते खरंच होतं. मी काय म्हनू त्याले? जो राग होता तो सारा मी पाटलाकडं वळवला. हिरवं लुगडं तसंच घडी करून बंडीत ठेवलं. घागर बाबानं घेतली नाई.

बांधी मात्र भेटली. पाटील बोलला तसं देलं, त्यात खोट नाई. लोक त्याले भला मानूस म्हनतात ते यासाठीच. पुढच्या साली मी त्या बांधीत धानाचे रोपं लावले, रोवना केला. बोडीचं पानी पोटऱ्यावर आलं तं मी धुऱ्यावर जाऊन उभी राहिली. तरी रोवला. भात झाला, तो खाल्ला. पोट आहे, त्याले कोन समजावन. मंग दोन पोरं झाले, दोनी जगले. त्याच भातावर मोठे झाले. रोवन्याच्या दिवसात पाटील धुऱ्यानं जाये. बाकी बायायले "ए, ओळ सरळ लाव" म्हनून ओरडे, माह्यापाशी आला की मुकाट्यानं पुढं जाये. मी पन मान वर करत नवती.

पाच-सहा सालानं तो खाटेले लागला. खाट गोठ्यातच टाकाले लावली. चांद्या मरून गेला होता, पाखऱ्या म्हातारा होऊन बाजूले बसून राहे. एक दिवस दुपारी पाटलिनीनं मले बोलावलं, म्हने, "तुलेच बोलावते."

मी गेली. चपला नवत्याच पायात.

"बसा," पाटील म्हने.

मी मांगं पाह्यलं. पाखऱ्याले म्हनते का काय.

"तुमालेच म्हटलं. बसा."

आयुष्यात त्यानं मले तवाच तुमी म्हटलं. मले मानसातून काढून बैलात घातलं का काय, ते मले अजून समजलं नाई. मी बसली नाई.

"तुमचा बाप आला होता, मोहाखाली," तो म्हने. मंधी मंधी दम घेत होता. "मी त्याचं तोंड बंद केलं. हात कसे बंद करू? शिवेच्या बाजूच्या बांधीत छकडी सुटली होती. तुमच्या बापानं धुरकऱ्याले दुरून दाखवलं. असा झोका केला हातानं. मंग हात असा खाली केला, बरं नाई म्हनून."

त्यानं खाटेवर पडल्या पडल्या झोका करून दाखवला. वाळकुडे हात, पोट्टी निजवल्यासारखे.

"त्यानं पाह्यलं?" मी इचारलं.

"पाह्यलं. छकडी उभी केली. मी गेलो, त्याच्या एका कानातला बोळा काढला. म्हटलं, जाशीन तं जा. भाच्याले बसवतो. मी आडवत नाई. त्यानं घडीभर बोडीकडं पाह्यलं. मंग बैल वळवले." पाटील खोकलला. "धुरकरी मी नाई निवडला, बाई. त्यानं सोताच सोताले निवडलं. हे तुमाले मालूम असावं, म्हनून बोलावलं."

पाखऱ्या रवंथ करत होता. मी त्याच्या पाठीवरली माशी हाकलली.

"पाटील," मी म्हटलं, "बोडीची बांधी त्याले कोनं दाखवली होती?"

तो आढ्याकडं पाहत राहिला.

"कोनं दाखवली होती?"

"म्या," तो म्हने.

"मंग बैल कोनं वळवले ते आता मले कायले सांगता? तुमचं ओझं माह्या डोक्यावर ठेवून जाता का?"

 त्याचे कान मोकळे होते, कापूस नवता. आयकलं त्यानं सारं. मी तशीच वापस फिरली. चौथ्या दिवशी तो गेला. गावात तीन दिवस चूल पेटली नाई म्हनतात. माही पेटली.

बाबानं ते झोक्याचं मले मरेपर्यंत सांगतलं नाई. पोरीले नवऱ्याच्या घरी नांदाचं आहे, म्हनून गिळलं असन. मी त्या दुपारी पाटलाकडं एकावरचा राग घेऊन गेली, दोघावरचा घेऊन घरी आली. हेच देऊन गेला तो भला मानूस.

नवरा ओसरीत बसला होता, जेवाले. मी ताट वाढलं. बोडीखालचाच भात, पांढरा, मोकळा.

"काऊन बोलावलं होतं?" तो म्हने. "काय म्हने पाटील?"

मी त्याच्या ताटात वरन वाढलं.

"मले आयकू नाई आलं," मी म्हटलं.

त्याचा हात घासावर थांबला. माह्याकडं पाह्यलं त्यानं, मंग ताटाकडं. मंग जेवाले लागला. त्याच्यानंतर तो तीस साल जगला. त्यानं दुसऱ्यांदा इचारलं नाई.